बुंध्याचा मान

फाल्गुन लागला की ढोल सगळ्यांच्या आधी विनूला ऐकू यायचा. विहिरीवर असला तर तो कळशी कठड्यावर ठेवायचा, मान थोडी वाकडी करायचा आणि म्हणायचा, "वरच्या वाडीत चढवला." म्हणजे ढोलाच्या दोऱ्या ओढून, कातडं तापवून कोणीतरी वाजवून बघायला घेतलं. मला तेव्हा फक्त माडाच्या झावळ्यांचा आवाज येत असायचा, नाहीतर गोठ्यातल्या म्हशीच्या साखळीचा. बऱ्याच वेळाने, वारा आमच्या बाजूला वळला की, ढोल मलाही यायचा: लांबून, कातळावरून घरंगळत आल्यासारखा. तोवर विनू पाखाडीच्या पायऱ्या दोन-दोन चढत वर गेलेला असायचा. आज मी राहते त्या इमारतीखाली शिमग्यात ढोल वाजतात, ताशे वाजतात, ध्वनिवर्धकही असतो. मी खिडकी लावून घेत नाही. पण लांबून काहीतरी येतं आहे, अजून पोचलेलं नाही, आणि घरातल्या एकालाच ते कळलं आहे, असं काही त्यात नसतं.

आमचं गाव रत्नागिरीजवळच्या पालीपासून आत, डोंगराच्या उतारावर. घर जांभ्या दगडाचं, पुढे पडवी, मागे आईचं राज्य. माणसं चारच: आण्णा, आई, विनू आणि मी. आण्णा म्हणजे वडील. तरुणपणी मुंबईत छापखान्यात होते, आजोबा गेल्यावर भातशेती आणि आंब्याची थोडी कलमं सांभाळायला परत आले. विनू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, रत्नागिरीला कॉलेजात, रोज एसटीने जाऊन-येऊन. मला घरात आणि वाडीत सगळे बाय म्हणत. शिमग्याच्या सुमाराला घराला काजूच्या बोंडांचा वास यायचा, गोड आणि थोडा आंबूस, आणि तो कपड्यांतून जायचा नाही. त्या दिवसांत आई भल्या पहाटे पडवीत बसून आंबोशी उन्हात टाकायची तयारी करायची, आण्णा कोयतीला धार लावायचे, आणि विनू अंथरुणात पडल्या पडल्या शीळ घालायचा. आई म्हणायची, "शीळ घालतोयस की सापाला बोलावतोयस?" तो म्हणायचा, "तुलाच बोलावतोय गो, चहा दे."

होळीचा सुरमाड, माडासारखं उंच सरळ झाड, रानातून तोडून सहाणेवर आणतात आणि उभा करतात; त्या झाडालाच होळी म्हणतात. सहाण म्हणजे गावदेवीच्या पालखीचा दगडी चौथरा. सगळं गाव खांदा देतं, पण बुंधा खांद्यावर घ्यायचा मान आमच्या घराचा होता. शेंडा दुसऱ्या एका घराचा. नियम थोडे होते आणि ते कोणाला शिकवावे लागत नसत. बुंधा घेणाऱ्याने उजाडल्यापासून होळी उभी राहीपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही. दारूला शिवायचं नाही. आणि एकदा उचललेली होळी सहाणेपर्यंत जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली तर गावाचं वर्ष वाईट जातं. खांदा देणाऱ्या बाकीच्यांनी काय प्यावं याबद्दल नियम नव्हता. ते प्यायचे, आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसे.

त्या वर्षी आण्णांचा गुडघा धरला होता. माघातच त्यांनी सांगून टाकलं, "यंदा विनू घेईल." दुसऱ्या दिवसापासून विनू परसातल्या ओंडक्याखाली खांदा घालून बघायला लागला. वाडीतली पोरं चेष्टा करायची. "विन्या, बुंधा म्हणजे कॉलेजातली वही नाय रे." तो म्हणायचा, "तुम्ही मधे लटका. ओझं मी नेतो."

होळीच्या दिवशी सकाळपासून मी आणि आई चुलीपाशी होतो. पुरण वाटून झालं होतं, पोळ्या उतरत होत्या. नैवेद्य संध्याकाळी, होळी उभी राहिल्यावर. त्याच्या आधी त्या पोळीला कोणी हात लावायचा नाही. आण्णा पडवीत बसले होते. विनू पहाटे अंघोळ करून देवळात गेला, तिथून मित्रांबरोबर काजूच्या बागेत. मुंबईला कामाला असलेली त्याच्या बरोबरीची पोरं आदल्या दिवशीच आली होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो मागीलदारी उगवला आणि उंबऱ्याला अडखळला. डोळे लाल होते. तो हसत होता, कारण नसताना.

"कुठं होतास?" आई म्हणाली.

"बागेत. पोरं भेटली."

"तोंड उघड."

"आई, एकच घोट गो. ते म्हणाले पहिल्यांदा बुंधा घेतोयस, छाती पायजे."

"एका घोटानं कोण उंबऱ्याला अडखळत नाय मेल्या."

तो किती प्याला होता ते नंतरही नक्की कळलं नाही. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. रिकाम्या पोटावर गावठी दारू चढते तशी ती चढली होती. उपास होता म्हणून ती जास्त लागली, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण त्या दुपारी स्वयंपाकघरात ते कोणाला सुचलं नाही. आईला एवढंच दिसत होतं की थोड्या वेळाने ढोल येईल, सगळं गाव दारात उभं राहील, आणि तिच्या मुलाला सरळ उभं राहता येत नाही. तिने पडवीकडे बघितलं. आण्णांची पाठ आमच्याकडे होती.

"बाय, दार लोट," ती म्हणाली. मग विनूला म्हणाली, "बस. मुकाट्यानं खा. पोटात अन्न गेलं की उतरंल."

"आई, उपास..."

"उपासाचं मी बघते. देवीला मी सांगेन."

तिने भात वाढला, कटाची आमटी वाढली. तो भुकेला होता. इतका की लहान मुलासारखा खाली वाकून खायला लागला. आईने तव्यावरची पोळी त्याच्या ताटात टाकली. मग दुसरी. आई कुठलीही गोष्ट अर्धवट करायची नाही. जेवणाने दारू उतरते असं तिला वाटत होतं, म्हणून तिने पोट भरेपर्यंत वाढलं.

मी पुढे आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं. शिमगा, गणपतीचं विसर्जन, वर्षाची शेवटची रात्र, एखाद्याच्या लग्नाची वरात: या दिवसांनंतर टेबलावर येणाऱ्या बातम्या मला न वाचताच कळायच्या. तरुण जखमी. मोटारसायकल घसरून, कठड्यावरून पडून, खाडीत उतरून. जागा, वेळ, कुठल्या दवाखान्यात नेलं. "मद्यधुंद" हा शब्द मी खोडायचे. तो ऐकीव असायचा, आणि तो लिहिला की वाचणाऱ्याला पुढचं काही जाणून घ्यावंसं वाटत नाही. त्या बातम्यांत एक जागा नेहमी रिकामी असायची: घटनेच्या आधी हा मुलगा घरी आला होता का, त्याला कोणी बघितलं, आणि बघणाऱ्याने त्याला वाचवायला म्हणून काय केलं. ते बातमीत बसत नाही. मी ते कधी बसवलंही नाही.

होळी पाखाडीवरून खाली उतरते ती जागा अवघड आहे. पायऱ्या जांभ्याच्या, झिजलेल्या, आणि मधे एक वळण. बायका तिथे गडग्यावर, दगडी कुंपणावर, उभ्या राहून बघतात. मी आईशेजारी उभी होते. ढोल पुढे होता, मागून फाका घालत, शिमग्याच्या आरोळ्या देत पोरं, गुलालाने लाल झालेली. मी बघितलं ते एवढंच: विनू पहिला वळणावर आला, बुंधा त्याच्या उजव्या खांद्यावर. तो नीट चालत होता. आईने धरलेला माझा दंड सोडला. मग त्याचं पाऊल पायरीच्या कडेवर पडलं आणि तो बसला. पडला नाही, बसला, एक पाय पुढे पसरून. मागच्यांना ते दिसलं नाही. ते उतारावर होते आणि नाचत होते. माड पुढे सरकला आणि बुंधा त्याच्या मांडीवर आला. त्याचं ओरडणं ढोलात गेलं. मग ढोल थांबला.

त्यांनी माड उचलला, बाजूला उभा धरून ठेवला. खाली ठेवला नाही. आण्णांचे चुलतभाऊ, भाऊकाका, शर्ट फाडून मांडी बांधत होते, आणि कोणीतरी मागून मोठ्याने म्हणालं, "टेकली नाय! पोरानं मांडीवर घेतलान, पन टेकू दिलान नाय!" ते वाक्य वाऱ्यासारखं पसरलं. जीपमध्ये विनूला आडवा घालेपर्यंत बायका एकमेकींना सांगत होत्या, उपाशी पोरानं देवीची होळी मांडीवर झेलली. एक म्हातारी आली आणि आईच्या पाया पडली. आई मागे सरकली.

रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जीपमागून टेंपो भरून माणसं आली होती. व्हरांड्यात गुलाल आणि दारू यांचा इतका वास होता की कोणाचा वास कोणाला कळणार. मांडीचं हाड तुटून बाहेर आलं होतं, रक्त थांबत नव्हतं, विनू ग्लानीत होता. शस्त्रक्रिया लगेच करायची म्हणाले. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. घाटावरच्या असाव्यात, बोलण्यावरून.

"यानं शेवटचं कधी खाल्लंय?"

"काल रात्री," भाऊकाका म्हणाले. "उपास असतो ना बाई. पानी पन नाय. आमचा मानकरी हाय तो."

"दारू?"

"राम राम. बुंधा घेणारा?"

"इथं तर सगळ्यांना वास येतोय."

"आमी बुंधा घेत नाय," मागून एकजण म्हणाला. दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

बाई हसल्या नाहीत. "हे बघा, मी उगीच विचारत नाही. पोट भरलेलं असलं तर भुलीत उलटी होते. ती छातीत जाते आणि माणूस टेबलावरच जातो. नीट आठवून सांगा."

तेव्हा आण्णा पुढे आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते ताठ उभे राहिले, गुडघा दुखत असताना. "माझ्या मुलानं सकाळपासनं पाण्याचा थेंब घेतलेला नाय," ते म्हणाले. त्या आवाजात इतका अभिमान मी आधी कधी ऐकला नव्हता. बाईंनी मान हलवली. "मग ठीक. लगेच घेऊ."

"बाई, थांबा," आई म्हणाली.

ती भिंतीशी उभी होती. तिने पदर तोंडावर धरला होता, तो खाली घेतला. भाऊकाका तिच्याकडे वळले. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण ते हळू आवाजात म्हणाले, "वैनी, गप ऱ्हावा. बाहेर बसा चला." आमच्या घराचा मान गेला असता तर तो त्यांच्याच घरात जाणार होता; बुंध्याला पुढचं घर त्यांचं. तरी ते तिला गप्प करत होते.

"जेवलाय तो," आई म्हणाली. "दुपारी. मी वाढलंय."

"काय बोलतेस तू?" आण्णा म्हणाले.

"आणि प्याला होता. किती ते मला ठाऊक नाय. चालताना अडखळत होता, म्हणून वाढलं."

व्हरांड्यात टेंपोभर माणसं होती.

"काय खाल्लं? किती?" बाईंनी विचारलं. त्यांचा स्वर बदलला नव्हता, त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

"भात. आमटी. पोळ्या."

"कसल्या पोळ्या?"

"पुरणाच्या. पोटभर."

आण्णांनी तेव्हा वर बघितलं. दारूपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं असावं. पण नैवेद्य संध्याकाळचा होता, आणि हे दुपारचं.

बाई आत गेल्या. त्यांनी विनूच्या नाकातून नळी घातली. दार अर्धं उघडं होतं. नळीतून पिवळं पाणी आलं, पुरणाचं, आणि येत राहिलं. परिचारिकेने तसराळं भरून बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. आण्णा ते बघत उभे होते. थोड्या वेळाने ते बाहेर गेले आणि जीपच्या पायरीवर बसले. गावातली माणसं एक-एक करून टेंपोकडे गेली. भाऊकाका तेवढे राहिले. त्यांनी कुठूनतरी चहा आणला, आईला दिला, आण्णांना नेऊन दिला, मला दिला, आणि स्वतः घेतला नाही.

विनू वाचला. पाय वाचला, पण आखूड झाला. डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी आईला म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता तर मी त्याला झोपवला असता आणि तो उठला नसता." आईने विचारलं, "त्याला पेज कधी देऊ?"

गावकीची बैठक पंचमीला बसली. आण्णांनी कोणाला बोलू दिलं नाही. स्वतःच म्हणाले, "मान भाऊच्या घरात जाऊ दे." भाऊकाका म्हणाले, "मला नको." पण नको म्हणायची ती गोष्ट नव्हती. एवढं सगळं मला नंतर भाऊकाकांनी सांगितलं. आण्णा घरी येऊन हातपाय धुऊन झोपले.

त्यानंतर घर शांत झालं. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटण्याजोगी ती शांतता होती. आण्णा आईशी बोलायचे थांबले. जे बोलायचं ते माझ्यातून. "बाय, तिला सांग ताक हवं." आई तीन हातांवर उभी असायची, तिला ऐकू गेलेलं असायचं, तरी मी म्हणायचे, "आई, आण्णांना ताक." आई वाढायची. आंब्याचा हंगाम तसाच गेला, लावणी तशीच झाली, गणपतीत पाहुणे आले त्यांच्यासमोरही तसंच. विनू पडवीत काठी घेऊन बसून असायचा. एकदा तो म्हणाला, "मी मेलो असतो तर ही दोघं बोलली असती." मी म्हटलं, "गप रे." तो शीळ घालायला गेला आणि अर्ध्यात थांबला. तो पुन्हा कधी दारूला शिवला नाही असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पुढे तो मुंबईला गेला, लग्न केलं, नोकरी केली, आणि प्यायचा. फार नाही, पण प्यायचा. शिमग्याला गावी मात्र आला नाही. तो वारला, त्याला आता काही वर्षं झाली. माझ्याकडे त्याचे फोटो आहेत, बहुतेक नंतरचे, जाड झालेला, चष्मा लावलेला. पायऱ्या दोन-दोन चढणारा विनू कुठल्या फोटोत नाही. तो मला हवा असतो. पाखाडी अजून आहे, आता सिमेंटची. गावी गेले की मी तिच्यावरून हळू चढते, आणि मागून कोणीतरी पुढे जाईल म्हणून एका कडेने.

पण मला त्या घरातला एकच दिवस परत देतो असं कोणी म्हटलं, तर मी अपघाताच्या आधीचा मागणार नाही. पुढच्या वर्षीची होळी मागेन. त्या दिवशी आण्णा नेहमीसारखे पहाटे उठले, अंघोळ केली आणि पडवीत येऊन बसले. चहा घेतला नाही. पाणीही नाही. बुंधा आता त्यांचा नव्हता, त्यांना उपास सांगितला नव्हता कोणी. पण जन्मभराची सवय होती, किंवा आणखी काही. आईने पोळ्या केल्या. दुपारी तिने घरच्या देवापुढे नैवेद्य दाखवला, आणि स्वयंपाकघरात चार पानं मांडली. होळीच्या दिवशी दुपारी आमच्या घरात चार पानं एकत्र कधी मांडली गेली नव्हती. विनू भिंतीला टेकून बसला, पाय सरळ पसरून. आई पडवीच्या दारात गेली.

"जेवायला चला," ती म्हणाली.

आण्णांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. "तिला सांग, होळी उभी राहू दे."

मी सांगणार होते. आईने हात वर केला. "ती भाऊभावजींच्या घरची," ती म्हणाली. "ते उपाशी हायत. आपली पानं वाढलीत."

वरच्या वाडीत ढोल सुरू झाला होता. आण्णांनी तिकडे कान दिला. मग उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि न्हाणीकडे गेले. पाय धुतल्याचा आवाज आला. ते आत येऊन पाटावर बसले. आईने पोळी वाढली, तूप वाढलं. त्यांनी घास घेतला. ढोल पाखाडीच्या वरच्या टोकाला आला, मग वळणावर आला, आणि तिथे सगळ्यांनी मिळून फाका घातल्या. विनूने डोळे मिटून घेतले. आण्णांनी त्याच्या पसरलेल्या पायाकडे बघितलं आणि स्वतःचा पाट थोडा मागे घेतला, त्याला जागा व्हावी म्हणून. ढोल आमच्या गडग्याजवळून खाली उतरला आणि सहाणेकडे गेला. आण्णांचं पान रिकामं झालं होतं.

"अजून एक वाढ," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.